डोळ्याचा कागद कोण वाचणार?

नया नगरचे नाव वृत्तपत्रांत येते ते बहुधा तणावाच्या बातमीच्या निमित्ताने. जानेवारी २०२४ मध्ये ते असेच आले, बुलडोझरची छायाचित्रे छापली गेली, आणि पुढे त्या वस्तीचा सर्वांना सोयिस्कर विसर पडला. वस्ती मात्र जागच्या जागी आहे आणि ती म्हातारी होत आहे. मीरारोड स्थानकाच्या पूर्वेस ऐंशीच्या दशकात उभी राहू लागलेली ही वस्ती १९९२-९३ च्या दंगलींनंतर झपाट्याने वाढली. मुंबईतील घर सोडून सुरक्षित आसरा शोधणारी कितीतरी मुसलमान कुटुंबे त्या काळात मीरारोड आणि मुंब्रा येथे आली. मीरा-भाईंदरची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास होती, २००१ मध्ये ती ५ लाख २० हजारांवर गेली आणि २०११ मध्ये ८ लाखांच्याही पुढे गेली. या आकड्यांचा एक अर्थ सहसा कोणी काढीत नाही. जुन्या गावात सर्व वयांची माणसे असतात. तेथे म्हातारपण पिढ्यापिढ्यांनी, थोडेथोडे येते. एका झटक्यात वसलेल्या नगरात मात्र ते एकदमच येते. १९९३ साली पस्तिशी-चाळिशीत असताना बिऱ्हाड हलवून आलेली माणसे आज सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे आहेत. ज्या आजारांना वैद्यकशास्त्र वयाशी निगडित म्हणते, ते आजार या वस्तीच्या जिन्याजिन्यावर एकाच दशकात चढत आहेत.

त्यातला एक आजार डोळ्यांचा. त्याचा पहिला अनुभव रुग्णाला डोळ्याने येत नाही, कागदाने येतो. आयुष्यभर बारीक काम केलेला एखादा कारागीर डोळे तपासून घेतो आणि त्याच्या हाती एक छापील कागद पडतो. त्यावर इंग्रजीत लिहिलेले असते : ए.आर.एम.डी., ड्राय, दोन्ही डोळे, ड्रुसेन आढळले, अ‍ॅम्सलर चार्टचा सल्ला. कागद देणाऱ्याला घाई असते, बाहेर रांग असते. ‘‘वयामुळे आहे, तीन महिन्यांनी दाखवा,’’ एवढे एक वाक्य तोंडी मिळते. या वाक्यातले ‘वयामुळे’ तेवढे घरी पोचते. ‘तीन महिन्यांनी’ वाटेत गळून पडते. वयाला औषध नाही हे प्रत्येक गरीब माणसाला ठाऊकच असते.

येथे प्रश्न इंग्रजीचा आहे असे वरवर पाहता वाटेल. वस्तुतः तो त्याहून खोल आहे. नेत्ररोगांच्या बाबतीत प्रत्येक भाषेने आपापली नावे पूर्वीच ठेवलेली आहेत, आणि ती नावे रुग्णाच्या मनात घट्ट बसलेली आहेत. डॉक्टरचा नवा शब्द त्या जुन्या शब्दांच्या गर्दीत शिरतो आणि भलताच अर्थ घेऊन बाहेर पडतो. मराठी माणूस मोतीबिंदू आणि काचबिंदू ही जोडनावे ऐकून दोन्ही ‘बिंदू’ म्हणजे सख्खे भाऊ समजतो. नया नगरात घरोघरी बोलल्या जाणाऱ्या उर्दू-हिंदीत हा घोटाळा अधिकच पक्का आहे. तेथे मोतीबिंदूला ‘सफेद मोतिया’ आणि काचबिंदूला ‘काला मोतिया’ म्हणतात. मोतिया पिकतो, पिकला की काढतात, आणि काढल्यावर दिसू लागते, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. मग काळा मोतियाही पिकू द्यावा, घाई कशाला, असा निष्कर्ष काढणाऱ्या आजोबांना अडाणी म्हणता येईल का? शब्दानेच त्यांना तसे शिकवले आहे.

सत्य नेमके उलटे आहे. मोतीबिंदू हा डोळ्यातील भिंगाचा विकार; भिंग गढूळ होते, ते काढून कृत्रिम भिंग बसवले की प्रकाशाची वाट मोकळी होते. शस्त्रक्रियेसाठी तो पिकण्याची वाट पाहण्याचेही आता कारण उरलेले नाही. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी दृष्टीची शीर हळूहळू मरते, बहुधा डोळ्यातील दाब वाढल्यामुळे, कधी दाब न वाढताही. जेवढी दृष्टी गेली तेवढी कायमची गेली. औषधाने वा शस्त्रक्रियेने उरलेली तेवढी राखता येते. बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही, आणि नजर कडेकडून गेल्यामुळे फार उशिरापर्यंत कळतही नाही. अशा आजारात वाट पाहणे म्हणजे दृष्टी हप्त्याहप्त्याने देऊन टाकणे होय.

या गोंधळाला मोठा इतिहास आहे आणि तो केवळ आपल्याकडचा नव्हे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत तिमिर, काच आणि लिंगनाश या एकाच विकाराच्या चढत्या पायऱ्या मानल्या गेल्या. आजच्या काचबिंदूतील ‘काच’ तेथून आली, पण तिचा अर्थ वाटेत बदलला. ग्रीकांचा ग्लॉकोमा हा शब्दही कित्येक शतके भिंगाच्या गढूळपणाला लावला जात होता. अरबी वैद्यांची समजूत अशी होती की डोक्यातून एक द्रव डोळ्यात उतरतो आणि बाहुलीमागे साकळतो. म्हणून त्यांनी मोतीबिंदूला ‘पाण्याचे उतरणे’ म्हटले. अकराव्या शतकात हे ग्रंथ लॅटिनमध्ये गेले तेव्हा त्या पाण्याचा धबधबा झाला, आणि इंग्रज डॉक्टर आजही तोच धबधबा ‘कॅटरॅक्ट’ या नावाने लिहितो. गढूळ झालेले ते पाणी नसून भिंग आहे हे युरोपात सर्वमान्य व्हायला अठरावे शतक उजाडावे लागले. नया नगरातील आजी ‘आँख में पानी उतर आया’ म्हणते आणि डॉक्टर ‘कॅटरॅक्ट’ म्हणतो. दोघे एकाच जुन्या चुकीची दोन भाषांतरे बोलत असतात. तेव्हा कोणाचा शब्द शास्त्रीय आणि कोणाचा गावंढळ हा अहंकार येथे कामाचा नाही.

आता कागदावरच्या त्या चार इंग्रजी अक्षरांकडे वळू. डोळ्याच्या आत, पाठीमागच्या बाजूस, कॅमेऱ्यातील फिल्मसारखा एक पातळ थर असतो. शाळेच्या पुस्तकात त्याला दृष्टिपटल म्हणतात, लोक त्याला सरळ ‘पडदा’ म्हणतात आणि तेच बरे. या पडद्याच्या मध्यावर एक लहानसा पिवळसर भाग असतो, त्याला पीतबिंदू असे नाव आहे. अक्षर वाचणे, सुई ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे, बसची पाटी वाचणे ही सगळी नेमकी कामे या एवढ्याशा भागावर अवलंबून असतात. उतारवयात काहींच्या बाबतीत हा भाग झिजू लागतो. तोच हा आजार. ड्रुसेन म्हणजे पडद्याखाली साचलेले पिवळट कण, झिजेची आगाऊ खूण. या आजाराने माणूस काळ्याकुट्ट अंधारात जात नाही. कडेचे दिसत राहते, मधले नाहीसे होते. तो घरात वावरतो, भिंतीला धडकत नाही, पण नातवाचा चेहरा त्याला धुरकट दिसतो. म्हणून घरचे लोकही त्याच्यावर विश्वास ठेवीत नाहीत. ‘चालता येते, मग दिसत कसे नाही?’ हा प्रश्न अशा कितीतरी वृद्धांनी मुकाट्याने ऐकून घेतलेला असतो.

या आजाराचे दोन प्रकार, ड्राय आणि वेट. दुर्दैवाने याहून वाईट नावे शोधून काढणे कठीण होते. दहापैकी आठ-नऊ रुग्णांत प्रकार ‘ड्राय’ असतो. झीज सावकाश, वर्षानुवर्षे चालते. पण ‘ड्राय’ म्हणजे कोरडे एवढे इंग्रजी आज सर्वांना येते. डोळे कोरडे पडले आहेत असे समजून औषधाच्या दुकानातून ओलावा देणारे थेंब आणले जातात आणि रुग्ण निष्ठेने ते घालीत बसतो. त्या थेंबांचा पडद्याशी काडीचाही संबंध नसतो. ‘वेट’ प्रकारात पडद्याखाली नको त्या नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्या नाजूक असतात, त्यांतून द्रव आणि रक्त झिरपते. डोळ्यांतून पाणी येण्याशी याचाही संबंध नाही. परंतु ज्या घरात ‘पानी उतरना’ म्हणजे मोतीबिंदू, त्या घरात ‘वेट’ या शब्दाचा अर्थ काय लावला जाईल हे सांगायला नको. मोतीबिंदूला सवड असते, ईद झाल्यावर करू, मुलगा आखातातून आल्यावर करू, असे म्हणता येते. वेट प्रकाराला सवड नसते. सरळ रेघ वाकडी दिसू लागल्यापासून काही आठवड्यांतच मधली नजर जाऊ शकते. आणि दैवदुर्विलास असा की, झपाट्याने नजर नेणाऱ्या याच प्रकारावर आज खरोखर परिणामकारक उपाय आहे. ड्राय प्रकाराच्या शेवटच्या अवस्थेसाठी २०२३ मध्ये अमेरिकेत दोन औषधांना मान्यता मिळाली, परंतु ती झिजेची गती कमी करतात, गेलेले परत देत नाहीत.

वेट प्रकारावरचा उपाय म्हणजे डोळ्यात द्यावयाचे इंजेक्शन. नव्या रक्तवाहिन्यांना फोफावण्यास मदत करणारे एक द्रव्य शरीरात असते. हे औषध त्याला अडवते. एक इंजेक्शन पुरत नाही, सुरुवातीला दरमहा आणि पुढे अंतराअंतराने द्यावे लागते. म्हणजेच प्रश्न वैद्यकाकडून अर्थशास्त्राकडे सरकतो, आणि येथे जगाच्या औषधव्यापारातील एक नमुनेदार प्रकरण आपली वाट पाहत उभे आहे.

अमेरिकेतील जेनेनटेक या कंपनीने एकाच कुळातील दोन औषधे तयार केली. बेव्हासिझुमॅब हे आतड्याच्या कर्करोगासाठी २००४ मध्ये तेथे मान्य झाले, ॲव्हास्टिन या नावाने. रॅनिबिझुमॅब हे डोळ्यासाठी २००६ मध्ये मान्य झाले, ल्युसेंटिस या नावाने. मधल्या काळात, २००५ मध्ये, मायामीतील डॉ. फिलिप रोझेनफेल्ड यांनी कर्करोगाचे औषध अत्यल्प मात्रेत डोळ्यात देऊन पाहिले आणि गुण आला. कर्करोगासाठीच्या कुपीत शंभर मिलिग्रॅम औषध, डोळ्याला लागते सव्वा मिलिग्रॅम. एक कुपी निर्जंतुक पद्धतीने वाटून घेतली तर कितीतरी रुग्णांचे काम होते. अमेरिकेत ल्युसेंटिसच्या एका मात्रेला सुमारे दोन हजार डॉलर पडत, वाटून घेतलेल्या ॲव्हास्टिनला सुमारे पन्नास. कंपनीने स्वस्त औषध डोळ्यासाठी मंजूर करून घेण्याचा अर्जच केला नाही. का करील? आपल्याच मालाशी आपणच स्पर्धा करण्याइतका कोणताही मक्तेदार भोळा नसतो. शेवटी अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेला जनतेच्या पैशाने दोहोंची तुलना करावी लागली. सुमारे बाराशे रुग्णांवरील त्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले आणि दृष्टी राखण्याच्या बाबतीत दोन्ही औषधे तुल्यबळ ठरली. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डोळ्यासाठी बेव्हासिझुमॅबचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. २०१४ मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने, स्वस्त औषधाविषयी भीती पसरवण्यासाठी संगनमत केल्याबद्दल रोश आणि नोव्हार्टिस या कंपन्यांना मिळून १८ कोटी युरोंहून अधिक दंड ठोठावला. पहिली जेनेनटेकची मालक, दुसरी अमेरिकेबाहेर ल्युसेंटिस विकणारी.

भारतात जानेवारी २०१६ मध्ये, गुजरातेत काही रुग्णांना डोळ्यातील इंजेक्शनानंतर इजा झाल्यावर, औषध नियंत्रकांनी डोळ्यासाठी ॲव्हास्टिनच्या वापराविरुद्ध इशारा काढला. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी आक्षेप घेतला आणि काही आठवड्यांतच तो मागे घ्यावा लागला. स्वस्त औषधाचा पुरस्कार करणाऱ्यांनी या घटनेकडे डोळेझाक करू नये. वाटून घेण्यात धोका आहे. कुपी उघडताना, मात्रा भरताना निर्जंतुकता पाळली नाही तर एका कुपीमागे अनेक डोळे जातात. पण यावरून निघणारा निष्कर्ष ‘वाटू नका’ हा नाही. सार्वजनिक रुग्णालयात निर्जंतुक भरणीची खोली, प्रशिक्षित औषधनिर्माता आणि प्रत्येक मात्रेची नोंद असावी, हा आहे. २०१५ मध्ये अहमदाबादच्या इंटास कंपनीने रॅनिबिझुमॅबचे देशी समरूप औषध बाजारात आणले, मूळ औषधाहून स्वस्त. म्हणजे मार्ग एकच नाही. परंतु रुग्णाला औषधाची दोन नावे माहीतच नसतील तर ‘दुसरे स्वस्त आहे का?’ हा साधा प्रश्न तो कोणत्या तोंडाने विचारणार? सप्टेंबर २०१६ मध्ये वैद्यक परिषदेने डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे असा नियम केला. आजाराचे नाव रुग्णाच्या भाषेत सांगावे असा आग्रह धरणे मात्र कोणाला सुचले नाही.

गोळ्यांच्या बाबतीतही हेच. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात २००१ मध्ये असे दिसले की, ठराविक जीवनसत्त्वे आणि जस्त यांच्या मोठ्या मात्रेने मध्यम अवस्थेतील रुग्णांचा आजार बळावण्याची शक्यता पाच वर्षांत सुमारे पाव हिश्शाने कमी होते. २०१३ मध्ये त्यातील बीटा-कॅरोटीन वगळावे, कारण धूम्रपान करणाऱ्यांत त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि त्याऐवजी ल्युटीन व झियाझँथिन घालावे, असे ठरले. सुरुवातीच्या अवस्थेत या गोळ्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. असे असता साठी उलटलेल्या कोणालाही ‘डोळ्याचे टॉनिक’ म्हणून त्या विकल्या जातात. बिडी-सिगारेट सोडणे हा या आजाराला लांब ठेवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. त्यात कोणाला नफा नाही म्हणून त्याची जाहिरात नाही.

सरकारी कार्यक्रमाचा येथे विचार केला पाहिजे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला आणि त्याने मोठे काम केले, हे विरोधकांनीही मान्य करावे. पुढे १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूचा प्रकल्प चालला. शस्त्रक्रियांचे आकडे जिल्ह्याजिल्ह्यांतून वर जाऊ लागले. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीतही पन्नाशीपुढील अंधत्वापैकी दोन तृतीयांश अंधत्वाचे कारण मोतीबिंदूच निघाले, तेव्हा त्यावर भर देणे चूक नव्हते. परंतु मोजता येते तेच काम, अशी सवय त्यातून यंत्रणेला लागली. मोतीबिंदू काढला, आकडा लिहिला. त्यामागचा पडदा झिजलेला असेल तर भिंग बदलूनही नजर येत नाही. मग ‘ऑपरेशन बिघडले’ असा बोभाटा होतो आणि शेजारची चार माणसे शिबिराला जाण्याचे टाळतात. शस्त्रक्रियेपूर्वी दोन वाक्यांत समजावून सांगितले असते तर हे टळले असते.

आणखी एक शब्द कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा, तो ‘अंध’ हाच. १९७६ पासून आपल्याकडे चांगल्या डोळ्याची नजर ६/६० हून कमी असणारा अंध गणला जात असे. निरोगी माणसाला ६० मीटरवरून दिसणारे अक्षर ज्याला ६ मीटरवरूनही दिसत नाही, तो. २०१७ मध्ये जागतिक व्याख्येशी जुळवून घेण्यासाठी ही मर्यादा ३/६० करण्यात आली. नव्या मापाने अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के निघाले. २००६-०७ च्या पाहणीतील १ टक्का या आकड्याशी त्याची तुलना करून पाठ थोपटून घेणे गैर आहे, कारण गज बदललेला आहे. एकाच मापाने पाहिले तरी घट झाली आहे, आणि ती बरीच आहे. मग खोट्या तुलनेची गरज का पडावी? दोन मर्यादांच्या मध्ये सापडलेल्या माणसाला रात्रीतून दिसू लागले नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात ‘अंधत्व’ आणि ‘अल्पदृष्टी’ अशा दोन वेगळ्या व्याख्या आहेत, आणि दुसरीत ६/१८ पासून ३/६० पर्यंतची नजर येते. पीतबिंदू झिजलेले बरेच वृद्ध या दुसऱ्या व्याख्येत बसू शकतात. प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्याचे कोणाच्या मनात येत नाही, कारण ‘आंधळा’ म्हणवून घेणे नको असते आणि अल्पदृष्टी हा शब्द कानावर आलेला नसतो.

भाषेचा प्रश्न सरकारने हाताळलाच नाही असेही नाही. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्याच वर्षी, १९६० मध्ये, भाषा संचालनालय निघाले आणि त्याने अनेक शास्त्रांचे परिभाषा कोश काढले. ते काम विद्वत्तेचे आहे. परंतु डॉक्टरची इंग्रजी आणि कोशातील संस्कृत या दोन्ही नया नगरातील जिन्यापासून सारख्याच लांब राहिल्या. ‘पीतबिंदूचा वयोसापेक्ष अपकर्ष’ असे छापून दिल्याने कोणाचा काय लाभ? उलट ‘पडदा झिजला’, ‘पडद्याखाली पाझर आहे, आठवड्याच्या आत दाखवा’ ही वाक्ये मराठीत, उर्दूत आणि हिंदीत जवळजवळ तशीच लिहिता येतात. चष्म्याला आणि जवळचे न दिसण्याला ‘चाळिशी’ हे एकच सुंदर नाव ठेवणाऱ्या समाजाला नवे शब्द घडवता येत नाहीत असे कोण म्हणेल!

नया नगरातील गरीब वृद्धाला पडद्याच्या तपासणीसाठी खासगी दवाखाना परवडत नसेल तर लोकल पकडून मुंबई सेंट्रलला उतरून नायरला, अथवा तेथून पुढे भायखळ्याला जे. जे. ला जावे लागते. मधली नजर गेलेल्या माणसाला फलाटावरची पाटी वाचता येत नाही. बरोबर कोणीतरी लागते, म्हणजे आणखी एक रोजगार बुडतो. दरमहा एक खेप धरली तर औषधाच्या किमतीइतकाच हा खर्चही उपचार सोडायला लावतो. म्हणून मागणी साधी आणि नेमकी असावी : भाईंदर पश्चिमेच्या भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात पडद्याच्या तपासणीचे आणि इंजेक्शनाचे ठरलेले दिवस, स्वस्त औषधाची निर्जंतुक भरणी, आणि प्रत्येक रुग्णाच्या कागदाच्या मागील बाजूस त्याच्या भाषेत चार ओळी : कोणता भाग बिघडला, किती घाई आहे, काय दिसले तर लगेच यावे, औषधाचे मूळ नाव काय. यासाठी नवी इमारत लागत नाही.

तोवर शाखांना करण्यासारखे एक काम आहे, आणि त्याला चार आणेही लागत नाहीत. कागदावर लिहिलेला अ‍ॅम्सलर चार्ट म्हणजे मार्क अ‍ॅम्सलर या स्विस नेत्रतज्ज्ञाने रूढ केलेला दहा सेंटिमीटरचा चौकोन, पाच-पाच मिलिमीटरच्या घरांचा, मध्ये एक ठिपका. शाळेच्या गणिताच्या चौकटीच्या वहीचे पान त्याचे काम भागवते. वाचायचा चष्मा लावावा, पान वीतभराहून थोडे लांब धरावे, एक डोळा तळहाताने झाकावा आणि दुसऱ्याने ठिपक्याकडे पाहावे. मग डोळा बदलावा. दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहिले तर चांगला डोळा वाईटाचे पाप झाकतो, म्हणून एकेकच. रेघा लाटेसारख्या वाकल्या, घरे पुसली गेली, ठिपक्याजवळ काळसर डाग आला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. पान हाताशी नसेल त्या दिवशी खिडकीच्या ग्रिलकडे पाहावे. नया नगरात ती प्रत्येक घराला आहे, आणि तिचे गज सरळ आहेत.